ठरलेल्या तारखेपर्यंत मिग-२१चं मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला आपल्या वायुदलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. १९६३ साली या विमानाची आपली पहिली तुकडी उभी राहिली तीही चंदीगडलाच. त्या निरोपानंतर मला येणाऱ्या प्रश्नांत एकाच प्रकारच्या प्रश्नांची भर पडली आहे: अमुक तारखेला वाढदिवस आहे, निवृत्ती आहे, शाळेत प्रदर्शन आहे, तोवर किटमधले प्लॅस्टिकचे भाग जोडून मिग-२१चं मॉडेल होईल का? मी नाशिकचा. ओझरला १९६४ साली एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, कारखाना मिग-२१साठीच उभारला गेला, त्यामुळे इकडे जवळपास प्रत्येक ओळखीच्या घरात कुणीतरी या विमानाला हात लावलेला माणूस आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मिग-२१ची असली तरी बहुतेक गोष्टी कुठल्याही लढाऊ विमानाच्या किटला लागू पडतात.

१. माझ्या हातात सात दिवस आहेत आणि हे माझं पहिलंच किट आहे. होईल का?

होईल, पण किट १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या लांबीचं, घ्या आणि रोज संध्याकाळी दोन-अडीच तास खरोखर मोकळे ठेवा. प्रत्यक्ष हाताचं काम बारा ते पंधरा तासांचं आहे. मुदत हुकते ती वाळण्याच्या वेळामुळे. गोंद, पुटी (भेगा भरायचा लेप), प्रायमर (रंगाखालचा थर), रंग, डिकॅल (पाण्यात भिजवून लावायच्या खुणा), वार्निश यांतली प्रत्येक गोष्ट आपापला वेळ घेते आणि तो तुमच्या घाईने कमी होत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: काम कमी करा, वाळण्याचा वेळ कमी करू नका. काय कमी करायचं ते प्रश्न १२मध्ये आहे.

तीन दिवस असतील तर अनुभवी माणसाला जमतं. एक रात्र असेल तर किट भेट म्हणून डब्यातच द्या आणि पुढच्या रविवारी दोघं मिळून बसा. हे मी मनापासून सांगतो. रात्रीत उरकलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, त्यांच्यावर बोटांचे ठसे कायमचे राहतात.

२. १/७२ की १/४८? मोठं मॉडेल सोपं जातं असं ऐकलं.

मिग-२१चा पंखविस्तार ७.१५ मीटर. १/७२मध्ये तो दहा सेंटिमीटरच्या आत बसतो, १/४८मध्ये पंधरा सेंटिमीटर. मोठ्या मापात भाग हातात नीट धरता येतात हे खरं आहे. पण कॉकपिट, चाकांच्या खोबणी, बाहेरची बारीक अक्षरं, सगळंच वाढतं आणि रंगवायचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. मुदत असेल तर १/७२.

या मापात झ्वेझ्दा कंपनीचं मिग-२१बिस (हे प्रकार पुढच्या उत्तरात) आहे, एडुआर्ड कंपनीची किटंही आहेत. एडुआर्डचं घेत असाल तर ‘वीकेंड’ आवृत्ती बघा. ‘प्रोफिपॅक’मध्ये पितळी पत्र्याचे कोरीव भाग येतात. ते सुंदर दिसतात, पण पहिल्या किटला आणि शेवटच्या आठवड्याला ते नकोतच.

३. डब्यावर मिग-२१ लिहिलंय, मग कुठलंही चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो, कारण चूक पाचव्या दिवशी लक्षात येते. आपल्याकडे या विमानाचे अनेक प्रकार आले आणि ते दिसायला वेगळे आहेत.

१९७१च्या युद्धात गाजला तो मुख्यतः एफएल हा प्रकार. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटहल्ला करणारी २८ नंबरच्या स्क्वाड्रनची विमानंही मिग-२१च. एफएलची पाठ सडपातळ, पोटात स्वतःची तोफ नाही, गरज पडली तर खाली गनपॉड, म्हणजे तोफेची वेगळी पेटी, लटकवायचा. त्याची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, पुढच्या काचेसकट एकसंध आहे आणि पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे मागून वर उघडते. त्यानंतरच्या एमला पोटात तोफ आली, पाठ जाड झाली आणि कॅनॉपी उजवीकडे कलंडून उघडू लागली. बिसची पाठ आणखी भरीव. बिस आपल्याकडे १९७१नंतर आलं, त्यामुळे बिसच्या किटवर त्या युद्धातल्या खुणा लावल्या तर जाणकार माणसाला ते लगेच खटकेल. आणि २०२५मध्ये निरोप दिला ते बायसन, म्हणजे सुधारलेलं बिस. बायसनची पुढची काच मधल्या चौकटीविना एकसंध असते, साध्या बिसची चौकटीची.

आणखी एक झटपट ओळख म्हणजे नाकापुढची लांब पिटॉट नळी. एफ-१३ या सुरुवातीच्या प्रकारात ती नाकाच्या खालून निघते, पुढच्या सगळ्या प्रकारांत वरून. घरात जुना फोटो असेल तर आधी नळी बघा, मग पाठ, मग काच. हे ठरल्यावरच किट मागवा.

४. एअरब्रश नाही. घरात आणि हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं त्यावर भागेल का?

बऱ्यापैकी. वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचे, नवं ब्लेड, चिमटा, टूथपिक, कपडे वाळत घालायचे चिमटे, सेलोटेप, फेविकॉल, फेविक्विक, पावडरचा डबा, भांड्यांचा लिक्विड साबण. नेलकटरने स्प्रूवरून, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, भाग कापता येतो, फक्त भागाला अगदी चिकटून कापू नका. थोडा देठ ठेवा आणि तो वॉटर पेपरने घासून काढा.

दोन गोष्टी मात्र छंदाच्या दुकानातूनच घ्या: प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद आणि प्रायमर. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकवर लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. गाडीच्या रंगाचा स्प्रे थेट प्लॅस्टिकवर मारला तरी बारीक तडे उमटू शकतात. प्रायमरवर, दुरून, पातळ थरांत मारला तर चालतो.

५. दिवसांची वाटणी कशी करू?

हातात सातपेक्षा जास्त दिवस असतील तर शेवटच्या तारखेतून एक दिवस आधीच वजा करा. तो दिवस अपघातासाठी. सात दिवसांची मी करतो ती वाटणी अशी.

पहिल्या रात्री स्प्रू साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पंख्याखाली ठेवून झोपा. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर निघाला नाही तर पुढे रंग सोलतो. दुसऱ्या दिवशी कॉकपिट, हवेच्या तोंडातला शंकू, नाकातलं वजन (प्रश्न ८), आणि धडाच्या दोन बाजू एकमेकींना जोडणं. ही जोडणी रात्री झोपताना करा, म्हणजे गोंदाला आठ तास आयते मिळतात. तिसऱ्या दिवशी पंख, शेपटी आणि भेगा भरणं. चौथ्या दिवशी घासणं आणि प्रायमर. प्रायमर मारल्यावर न दिसलेल्या भेगा दिसतात, त्या तेव्हाच दुरुस्त होतात, म्हणून हा दिवस रंगाच्या दिवसात मिसळू नका. पाचवा दिवस रंगाचा. सहाव्या दिवशी सकाळी ग्लॉस, म्हणजे चकाकतं वार्निश, रात्री डिकॅल. सातव्या दिवशी शेवटचं वार्निश, चाकं, क्षेपणास्त्रं, आणि सगळ्यात शेवटी पिटॉट.

चाकांचे टायर, क्षेपणास्त्रं, इंधनाची टाकी ही कामं मधल्या वाळण्याच्या वेळात उरकतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवू नका.

६. फेविक्विकने सगळंच पटकन चिकटेल. मग तो वेगळा गोंद कशाला?

पातळ गोंद प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. भाग आधी कोरडेच एकत्र धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं, गोंद आपोआप आत ओढला जातो. दोन-तीन मिनिटांत पकड येते, तरी पूर्ण मजबुतीला एक दिवस द्या. फेविक्विक वरवर धरतो आणि पहिल्या धक्क्याला सुटतो. शिवाय त्याच्या वाफेने काच पांढुरकी पडते. कॅनॉपीच्या आसपास तो आणूच नका, तिथे फेविकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या टूथपिकने पुसता येतो.

फेविक्विकची खरी जागा पुढच्या उत्तरात.

७. धडाच्या दोन भागांमधली रेघ जात नाही. पुटी वाळायला दिवस लागतो म्हणतात.

साधी पुटी वाळताना आकसते, त्यामुळे घाईने घासली तर दुसऱ्या दिवशी तिथे खाच दिसते. मुदत असताना मी फेविक्विकचा थेंब आणि चिमूटभर टाल्कम पावडर एका जुन्या झाकणात कालवतो आणि टूथपिकने भेगेत भरतो. हे मिश्रण आकसत नाही. पण अर्ध्या तासाच्या आत घासून घ्या. रात्रभर राहिलं तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, मग घासताना शेजारचं प्लॅस्टिक झिजतं आणि भेगेतला भराव तसाच उंच राहतो. घासताना वॉटर पेपर पाण्यात बुडवा, ४००ने सुरू करून १०००वर थांबा.

डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून नख सांध्यावरून आडवं फिरवा. नख अडलं तर रंगानंतर रेघ दिसणार.

मिग-२१ला पाठ आणि पोट मिळून दोनच लांब रेघा आहेत. बघणाऱ्याची नजर पाठीवर पडते. वेळ कमी असेल तर पाठ नीट करा, पोट त्यानंतर.

८. मॉडेल मागे कलंडतं, नाक हवेत. आता काय?

धड बंद करण्याआधी सगळे मोठे भाग सेलोटेपने जागच्या जागी लावा, मागची चाकं जिथे येणार तिथे धडाखाली पेन्सिल आडवी धरा आणि बघा. मागे कललं तर नाकात, शंकूच्या मागे, गळाला लावतात ते शिशाचे मणी घट्ट बसवा. नाकाकडे नीट झुकेल एवढं वजन घाला.

धड बंद झाल्यावर कळलं असेल तर पुढच्या चाकाच्या खोबणीतून काही मणी सरकवता येतात का पाहा. तेही जमलं नाही तर मॉडेल चाकं मिटलेल्या अवस्थेत स्टँडवर घ्या. उडतं विमान म्हणून ते छानच दिसतं आणि चाकांचं सगळं काम वाचतं.

९. चंदेरी सोपं की करडं? चंदेरीला एकच रंग लागतो ना?

हा प्रश्न बहुतेक सगळे उलटा समजतात. चंदेरी रंग एकच असला तरी तो काही लपवत नाही. वॉटर पेपरचा प्रत्येक ओरखडा, बोटाचा प्रत्येक डाग त्यात उठून दिसतो. खाली गुळगुळीत चकाकता काळा थर द्यावा लागतो आणि त्याला पूर्ण वाळू द्यावं लागतं. मुदतीत काम करायचं तर शेवटच्या काळातलं करड्या छटांचं विमान घ्या. प्रायमरही करडाच असतो, त्यामुळे कुठे पातळ लागला तरी निभावतं.

रंगाचा प्रकारही वेळ ठरवतो. लॅकर अर्ध्या तासात हाताळता येतो. ॲक्रिलिक ब्रशने दोन-तीन पातळ थरांत छान बसतो, दोन थरांत तासाभराचं अंतर ठेवा. एनॅमल ब्रशला सगळ्यात गोड, पण प्रत्येक थराला एक दिवस. सात दिवसांत एनॅमल फक्त टायरसाठी.

कॅनॉपी बंद ठेवणार असाल तर कॉकपिटला तो रशियन निळसर हिरवा रंग, काळं पॅनेल आणि सीटचे पट्टे एवढं पुरे.

१०. स्प्रे मारला आणि रंगावर पांढुरकी धुकं आली. किट खराब निघालं का?

किट चांगलं आहे, हवा दमट होती. लॅकरमधलं द्रावक झटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. जून ते सप्टेंबर नाशिकला हे होतंच, कोकणात आणि मुंबईत तर वर्षातला बराच काळ होतं. कोरड्या वेळी, बहुतेक दुपारी, त्याच रंगाचा एक अगदी पातळ थर पुन्हा मारला की धुकं बऱ्याचदा जातं. पाऊस कोसळत असेल तर स्प्रे मारूच नका, त्या दिवशी ब्रशने ॲक्रिलिक लावा. डबा मारण्याआधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हात सहज बुडेल इतकंच, गरम पाणी धोक्याचं.

११. रंग लवकर वाळवायला ओव्हन, हेअर ड्रायर, ऊन?

ओव्हन कधीच नाही. पातळ पंख वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. बंद गाडीत, काचेमागच्या उन्हातही ठेवू नका. हेअर ड्रायर थंड हवेवर, हातभर अंतरावरून चालतो. माझी पद्धत साधी आहे: मोठ्या डब्याला बाजूने भोकं पाडायची, मॉडेल आत, आणि पंखा दुसरीकडे वळवून खोलीत हवा खेळती ठेवायची. डब्यामुळे धूळ बसत नाही.

वाळलं की नाही हे बोट लावून बघू नका, वास घ्या. मॉडेल नाकाजवळ नेल्यावर रंगाचा वास येत असेल तर टेप लावायची वेळ झालेली नाही.

१२. वेळ उरला नाही. काय सोडून दिलं तर चालेल?

सगळ्यात आधी स्टेन्सिल, म्हणजे अंगभर विखुरलेली ती बारीक अक्षरं. १/७२मध्ये हातभर अंतरावरून ती वाचता येत नाहीत आणि त्यांना अख्खी संध्याकाळ जाते. मग कॅनॉपी बंद ठेवा. मग क्षेपणास्त्रं दोनच लावा किंवा फक्त पोटाखालची टाकी. धूर, गंज, तेलाचे डाग हे सगळं सोडा, नुकतंच धुऊन काढलेलं विमानही खरंच असतं.

तीन गोष्टी सोडू नका: धुणं, पाठीची रेघ आणि डिकॅलखालचा ग्लॉस.

१३. डिकॅलखाली चांदीसारखी झाक दिसते. आणि गोलाचा कुठला रंग बाहेर?

आपल्या वायुदलाच्या गोलात केशरी बाहेर, मध्ये पांढरा, आत हिरवा.

चांदीसारखी झाक म्हणजे डिकॅलखाली अडकलेली हवा. खडबडीत मॅट रंगावर थेट लावल्याने असं होतं, म्हणून आधी ग्लॉस. झालंच असेल तर बारीक सुईने तिथे दोन-तीन टोचे मारा आणि डिकॅल मऊ करणाऱ्या द्रवाचा थेंब सोडा. थोडा वेळ डिकॅल सुरकुतलेलं दिसेल. घाबरून हात लावू नका, ते स्वतःच सपाट होतं.

लावताना वीस-तीस सेकंद कोमट पाण्यात बुडवा, मग बाहेर काढून मिनिटभर थांबा. कागदावर बोटाने सरकू लागल्यावरच मॉडेलकडे न्या. ओढून काढलं तर फाटतं आणि सहाव्या रात्री दुसरं मिळत नाही.

१४. कॅनॉपीवर ओरखडा किंवा गोंदाचा डाग पडला.

१५०० आणि मग २०००च्या ओल्या वॉटर पेपरने हलकेच घासा. काच पूर्ण आंधळी होईल, होऊ द्या. मग सुती फडक्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन दहा मिनिटं गोल गोल चोळा, पारदर्शकपणा परत येतो. फेविक्विकच्या वाफेचं धुकंही असंच जातं, पण ते आतल्या बाजूला असेल आणि कॅनॉपी चिकटवून झाली असेल तर इलाज नाही. प्रश्न ६मध्ये म्हणूनच इतकं बजावलं आहे.

१५. मुलगा आठ वर्षांचा आहे, शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचंय. त्याला किती करू द्यावं?

ब्लेड, फेविक्विक आणि स्प्रे तुमच्या हातात. धुणं, घासणं, टायर रंगवणं, डिकॅल सरकवणं त्याच्या हातात. डिकॅल मुलं फार मन लावून लावतात. गोल थोडा वाकडा लागला तर तसाच ठेवा. माहितीचा तक्ता त्यालाच लिहू द्या: विमान कुठे बनलं, कधी आलं, कधी गेलं. गोंदाचं काम खिडकी उघडी ठेवून करा.

१६. मॉडेल नाशिकहून पुण्याला एसटीने न्यायचंय.

ताज्या रंगावर बबल रॅप गुंडाळू नका. रंग वरून कोरडा वाटला तरी आतून पक्का व्हायला दिवस लागतात, आणि त्या बुडबुड्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात. कापूसही नको, त्याचे धागे चाकांच्या दारांत अडकतात. बुटाच्या खोक्यात तळाला जाड फोम ठेवा, त्यात पोटाच्या आकाराची खाच कापा, मॉडेल त्यात बसवा आणि पंखांवरून कागदाची रुंद पट्टी सैलसर लावा. खोकं मांडीवर, वरच्या रॅकवर नाही.

पिटॉट नळी वेगळी न्या. ती हमखास मोडते. मोडली असेल तर इंजेक्शनची बारीक सुई योग्य लांबीला तोडून, टोक घासून बोथट करून लावा. प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा ती जास्त खरी दिसते. लहान मूल असलेल्या घरात मात्र सुई नको.

१७. बाबा ओझरला होते, पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे. त्यांना न सांगता योग्य विमान कसं निवडू?

कपाटातले जुने फोटो बघा, विमानाशेजारी उभे असलेले. आधी प्रश्न ३मधल्या खुणांनी प्रकार ओळखा. फोटो नसेल तर ते कारखान्यात कुठल्या काळात होते त्यावरून अंदाज येतो: सुरुवातीला एफएल, सत्तरच्या दशकात एम, नंतर बिस. शेपटीवरचा नंबर वाचता येत नसेल तर मनाने लावू नका. नंबराविना मॉडेल चालतं, चुकीचा नंबर त्या माणसाला टोचतो.

दोन वर्षांपूर्वी मी शेजारच्या काकांसाठी बिस केलं. काका तिथे फिटर होते. त्यांनी मॉडेल हातात घेतलं आणि कॅनॉपीकडे पाहिलंसुद्धा नाही, ते सरळ उलटं केलं आणि चाकांच्या खोबणीत बोट घालून नळ्या शोधू लागले. तेव्हापासून असं मॉडेल करताना मी पोटाची रेघही सोडत नाही, मग एक क्षेपणास्त्र कमी का लागेना.

पिटॉट नळी शेवटीच लावायची असते आणि प्रवासातही वेगळी न्यायची असते. तेव्हा ती तशीच एका छोट्या डबीत ठेवा, सोबत फेविकॉलचा थेंब आणि टूथपिक. केक कापून झाल्यावर बाबांच्या हातात चिमटा द्या आणि नळी त्यांना लावू द्या. फेविकॉल धरेपर्यंत तिला कशाचा तरी टेकू द्यावा लागतो, त्यासाठी आगपेटी जवळ ठेवा.